पुठ्ठ्याच्या आतलं

३ नोव्हेंबर

ही डायरी कार्यवाहांनी जानेवारीत दिली होती. "लिहा काहीतरी, आठवणी-बिठवणी." तेव्हा मनात म्हटलं, मला काय धाड भरलीये आठवणी लिहायला. दहा महिने कोरी पडून होती. आज उघडली, कारण घरी बोलायला कोणी नाही आणि डोकं नुसतं भणभणतंय.

समितीचा निर्णय झाला. एक डिसेंबरपासून ग्रंथालयाच्या इमारतीत जन्म-मृत्यू नोंदणीचं कार्यालय येणार. आणि बावीस हजार पुस्तकं? लगदा. वरची जाळीच्या दाराची खोली तेवढी आमच्याकडे राहू शकते, 'दुर्मिळ ग्रंथ कक्ष' म्हणून. अट अशी की बाहेरच्या तज्ज्ञाने निदान शंभर पुस्तकं दुर्मिळ ठरवली पाहिजेत. "शंभर म्हणजे शंभर हं," कार्यवाह म्हणाले. "कमी भरली तर खोलीही द्यावी लागेल, आणि मग सगळंच गाडीत."

मी सदतीस वर्षं ग्रंथपाल आहे. शंभर कसली, मी दोनशे चाळीसची यादी करून टाकली. घाबरायचं काही कारणच नाही. या ग्रंथालयाचं एक पुस्तक फाटकं दाखवा आणि माझे कान कापा. जरा पान निसटलं की मी ते दादाकडे पाठवत आलो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बाइंडर. त्याने बांधलेलं पुस्तक जिन्यावरून खाली फेकलं तरी सुटायचं नाही.

५ नोव्हेंबर

तज्ज्ञ बाई आल्या. एका डोळ्याला भिंग लावतात आणि तासन्‌तास एक अक्षर बोलत नाहीत. मी त्यांचं नाव भिंगबाई ठेवलंय. चहा आणला तर म्हणाल्या, "पुस्तकांच्या खोलीत नको." माझ्याच खोलीत मला शिकवतात!

प्रत्येक पुस्तकाला एक कार्ड. त्यावर प्रश्न. छपाई कधीची, दुसरी प्रत कुठे आहे का, मुखपृष्ठ मूळ आहे का, बांधणी मूळ आहे का, आणि शेवटी मोठा रकाना, 'दुर्मिळ का?'. संध्याकाळपर्यंत साठ पुस्तकं झाली. त्यातली सहा पास. बाकीच्यांवर एकच शेरा: मुखपृष्ठ नाही, बांधणी नवी, कडा कापलेल्या.

मी म्हटलं, "बाई, अहो, बांधणी आहे म्हणून तर पुस्तक जिवंत आहे."

त्या म्हणाल्या, "हो. पण ते आता वेगळं पुस्तक आहे."

डोकं सटकलं माझं. पुढचं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

७ नोव्हेंबर

एकतीस. दोनशे चाळीसमधली एकतीस. आणि ती कुठली म्हणाल तर मागच्या कपाटातली, जी फाटकी-तुटकी म्हणून मी लोकांपासून लपवून ठेवायचो आणि दादाकडे पाठवायची राहून गेली होती. ज्यांची मी काळजी घेतली ती सगळी बाद.

भिंगबाईंनी सत्तर पुस्तकांचा वेगळा गठ्ठा ठेवला. "यांची छपाई इतरत्र कुठेही नाही. मुखपृष्ठं असती तर कडांकडे मी दुर्लक्ष केलं असतं." मग त्यांनी विचारलं, "मुखपृष्ठं टाकली कोणी?"

कार्यवाह समोरच बसले होते. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "बाइंडरने."

"म्हणजे तुमचेच बंधू ना?" कार्यवाह म्हणाले.

"हो. जुन्या वळणाचा माणूस. त्याला काय कळणार."

घरी येईपर्यंत हे वाक्य चपलेत खडा अडकावा तसं टोचत राहिलं. पण खोटं तरी काय बोललो? काढली त्यानेच ना?

८ नोव्हेंबर

सकाळी दादाकडे गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, "भावजी, आज नको. रात्रभर उशीला टेकून बसून होते." मी म्हटलं, पाचच मिनिटं, आणि आत शिरलो.

दादा खिडकीपाशी खुर्चीत होता, पाठीमागे दोन उशा. शर्ट अंगात लोंबत होता. मी म्हटलं, "काय रे, थोरल्या भावाचा शर्ट घातलास काय?" तो हसला, मग खोकला, मग बराच वेळ खोकतच राहिला. दोन वर्षं दुकान बंद असल्यामुळे अंग आळसावलंय त्याचं.

मी सगळं सांगितलं. मुखपृष्ठं टाकून दिली म्हणून पुस्तकं बाद झाली, असं ते म्हणतात, म्हणालो.

"कोण म्हणतं?"

"कार्यवाह."

दादाने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "त्या गठ्ठ्यातलं एखादं आणलंयस का? दे. आणि ती पातळ सुरी दे."

त्याने पुस्तक मांडीवर घेतलं, आतल्या अस्तराच्या कागदावर ओलं फडकं ठेवलं आणि डोळे मिटून बसला. मला वाटलं झोप लागली. पंधरा मिनिटांनी कागद सोलून काढला, पुठ्ठ्याच्या कडेत सुरी घातली आणि पुठ्ठ्याचे दोन पापुद्रे वेगळे केले. मधोमध मुखपृष्ठ होतं. लाल-निळ्या छपाईचं, काल छापल्यासारखं.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"आमच्या बांधणीच्या उस्तादांनी शिकवलेलं," दादा म्हणाला. "पुस्तकाचा कागद पुस्तकाबाहेर जाऊ द्यायचा नाही. पुठ्ठा मी कधी एक लावला नाही. दोन पातळ लावायचो आणि मधे हे. तुझ्या चिठ्ठीवर असायचं, 'मुखपृष्ठ काढून टाकणे'. आता टाकायला माझा जीव झाला नाही, त्याला काय करणार?"

मी त्याला चक्क मिठी मारली. हाडं लागली हाताला.

भिंगबाईंना फोन केला. मुखपृष्ठ अखंड निघालं तर विचार करू म्हणाल्या. सत्तावीसला परत येणार. एकतीस अधिक एकोणसत्तर. गठ्ठ्यात सत्तर आहेत. म्हणजे सगळं दादाच्या हातात.

१० नोव्हेंबर

काम सुरू. मी पिशवीतून सहा-सहा पुस्तकं नेतो. दादा दिवसाला चार उघडतो. जुनी खळ ओली झाली की सगळ्या खोलीत आंबूस वास भरतो आणि पुठ्ठ्याची भुकटी उडते. वहिनींनी खिडकी उघडली, मग गार वारा येतो म्हणून बंद केली, मग पुन्हा उघडली.

"डॉक्टरांनी धूळ आणि वाफ दोन्ही वर्ज्य सांगितलंय," वहिनी मला म्हणाल्या. दादाला नाही, मला.

दादा म्हणाला, "अगं, पन्नास वर्षं खाल्ली ही धूळ. आता काय वेगळं होणार?"

मलाही ते पटलं. डॉक्टर लोकांना काहीतरी वर्ज्य सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

१३ नोव्हेंबर

दादाचं काम हलकं व्हावं म्हणून एक पुस्तक मी स्वतः उघडायला घेतलं. घाई केली. मुखपृष्ठ मधोमध टर्रकन फाटलं. एका बाजूला बोटीचं शीड, दुसऱ्या बाजूला बोट. आता गठ्ठ्यात बरोबर एकोणसत्तर, एकही वर नाही.

मला वाटलं दादा आता माझी हजेरी घेणार. त्याने नुसती सुरी घेतली माझ्या हातातून. "तू वाच. मी कापतो."

तेव्हापासून तसं चाललंय. उघडायच्या आधी मी त्या पुस्तकाची दोन-चार पानं मोठ्याने वाचतो. दादाने हजारो पुस्तकं बांधली, पण वाचायला वेळ कुठे मिळाला. आज नदीतल्या गाळावरचं वाचलं तर म्हणाला, "छान आहे रे. आधी सांगितलं असतंस तर जाड दोरा वापरला असता."

पुठ्ठा सुटा करायचा तर शिवणही सोडवावी लागते, पण तो ती कापत नाही. एकेक टाका सुईने उसवतो. कापलं तर दुप्पट वेगाने होईल, म्हटलं. ऐकायचं नावच नाही.

१५ नोव्हेंबर

आज वहिनींनी पिशवी दारातच धरली. "आता पुरे, भावजी. तुमची पुस्तकं कागदाची आहेत."

मला राग आला. मी म्हणालो, "वहिनी, इथे माझ्या सदतीस वर्षांचा प्रश्न आहे."

त्यांनी पिशवी सोडली आणि आत गेल्या. नंतर चहा आला, पण कप जरा जोरात ठेवला. त्यांचं माझ्याशी पहिल्यापासून फारसं जमलं नाही. मी एकटा राहतो, ऊठसूट इथे येऊन बसतो, याचाच राग असणार.

चोवीस झाली.

१८ नोव्हेंबर

छत्तीस. दादाने विचारलं, "ते कोंबड्या पाळायचं पुस्तक आहे का अजून?"

ते रद्दीच्या ढिगात होतं. असल्या पुस्तकाच्या हजारो प्रती निघाल्या असतील, ते दुर्मिळ कुठून असणार? पण हवं म्हणाला म्हणून उपसून नेलं. नोंद वगैरे काही केली नाही, आता विचारतंय कोण.

दादाने ते उलटंपालटं केलं, कण्यावरून अंगठा फिरवला. "तू नोकरीला लागलास तेव्हा बांधायला दिलेलं पहिलं. हे बघ, शिवण तिरकी गेलीये. तू म्हणालास, साहेब तपासायला येणारेत, संध्याकाळपर्यंत दे. हात थरथरत होते माझे. तुझी नोकरी माझ्या शिवणीवर अवलंबून आहे असं वाटत होतं."

मला यातलं काहीच आठवत नाही. त्यातलं खुराड्याचं प्रकरण वाचून दाखवलं. आजारी कोंबडी ओळखावी कशी, ती कोपरा धरून बसते, पंख फुगवते, दाण्याकडे बघत नाही. दादा इतका हसला की वहिनी धावत आल्या. "माझंच वर्णन छापलंय," म्हणाला. वहिनींना मात्र हसू आलं नाही.

मग त्याने ते पुस्तक उशीखाली सरकवलं. "हे उघडायचं नाही."

२१ नोव्हेंबर

अठ्ठेचाळीस. दादाचे ओठ निळसर दिसतात. थंडी पडलीये. एक चांगला स्वेटर घेऊन द्यायला हवा.

२३ नोव्हेंबर

छप्पन्न. आज त्याने विचारलं, "शंभर झाली की मग काय?"

"मग खोली राहते. माझंही नाव राहतं."

"आणि बाकीची? मी बांधलेली?"

"त्यांना परवा गाडी येते. निर्लेखनाच्या यादीवर सही केली मी." निर्लेखन म्हणजे पुस्तकाचं नाव दाखल-वहीतून खोडणं, हे त्याला समजावून सांगितलं. मी अगदी सरळ सांगितलं, आडपडदा कशाला.

दादा "बरं" म्हणाला आणि पुढचं पुस्तक ओढलं. त्यानंतर फार भराभर काम केलं त्याने. मला बरंच वाटलं.

२५ नोव्हेंबर

गाडी येऊन गेली. सकाळपासून दुपारपर्यंत फावड्याने पुस्तकं भरली. खरंच फावड्याने. एक गठ्ठा वरून पडला आणि सिमेंटवर आपटला. एकही पुस्तक सुटलं नाही. भरणारा माणूस म्हणाला, "ही काय भिजणार नाहीत लवकर."

रिकाम्या कपाटामागे बांधणीच्या चिठ्ठ्यांची फाईल सापडली. सदतीस वर्षांच्या चिठ्ठ्या. 'मुखपृष्ठ काढून टाकणे. कडा कापणे. कापडी बांधणी.' प्रत्येकीवर माझी सही, सुरुवातीची ठसठशीत, अलीकडची नुसती रेघ. फाईल बगलेत मारून कार्यवाहांच्या दारापर्यंत गेलो. मग विचार केला, सत्तावीस होऊन जाऊ दे, मग सांगू. परत फिरलो. मी भित्रा आहे. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

दादाकडे गेलो तर दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, इस्पितळात नेलं.

२६ नोव्हेंबर

चौसष्ट झाली होती. पाच उरलेली.

इस्पितळात पिशवी घेऊनच गेलो. घरातून निघताना हात आपोआप पिशवीकडे गेला. वहिनींनी पिशवीकडे पाहिलं आणि उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. दादाच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. त्याने ती बाजूला केली.

"किती राहिली?"

"पाच. तू बरा हो आधी."

"घरी जा. पाणी कोमट घे, कढत नको. फडकं ठेवलंस की हात मागे बांधून बस. कागद आपण होऊन सोडतो. तू ओढू नकोस."

हे सांगताना त्याला चार वेळा थांबावं लागलं. वर हसून म्हणाला, "तुला थांबता येत नाही लहानपणापासून."

घरी आलो आणि तसंच केलं. हात मागे बांधून बसलो. चार अखंड निघाली. पाचव्याच्या वेळी फोन वाजला, मी दचकलो आणि ओढलं. कोपऱ्यापासून नावापर्यंत गेलं.

फोन कार्यवाहांचा होता, उद्या बाई किती वाजता येणार विचारायला.

२७ नोव्हेंबर

भिंगबाईंनी अडुसष्टही पास केली. नव्याण्णव. फाटलेली दोन चिकटवून पुढे ठेवली होती, त्यांनी हळूच बाजूला केली.

"तीस तारखेपर्यंत एखादं सापडलं तर कळवा," म्हणाल्या. मग टेबलावरचा एक मोकळा पुठ्ठा आणि उसवलेला दोरा हातात घेऊन भिंगाखाली धरला. बराच वेळ. "हाताची शिवण. कण्याच्या टोकाची पट्टीसुद्धा हाताने विणलेली. अशी आता कोणी करत नाही. यातलं एखादं न उघडलेलं आहे का?"

मी म्हणालो, "परवापर्यंत वीसेक हजार होती."

त्यांनी भिंग डब्यात ठेवलं. "फार चांगला कारागीर होता."

"होता नाही, आहे," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.

दुपारी इस्पितळात पोचलो तेव्हा दादाला जाऊन अर्धा तास झाला होता.

२९ नोव्हेंबर

वहिनींकडे गेलो. खोली धुतली होती. खळीचा वास तरीही होता. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसलो आणि सांगितलं. मुखपृष्ठं बाइंडरने टाकली असं मीच म्हणालो होतो. कार्यवाह नाहीत, मी. चिठ्ठ्या माझ्या, सह्या माझ्या. आणि तो आजारी आहे हे मला दिसत होतं, वहिनी. दिसत होतं आणि मी पुस्तकं मोजत होतो.

वहिनी म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं."

"काय?"

"सात तारखेलाच. संध्याकाळी कार्यवाहांचा फोन आला होता. तुमचा भाऊ असं असं म्हणतो, खरं का म्हणून. हे म्हणाले, हो, खरंय, माझीच चूक. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात."

मला रडू फुटलं. म्हाताऱ्या माणसाने रडावं तसं नाही, पोरासारखं, नाक गळेपर्यंत. वहिनींनी रडू दिलं. गप्प राहा म्हणाल्या नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही. शेवटी उठल्या आणि उशीखालून कोंबड्यांचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं.

"हे तुमच्या ग्रंथालयाचं. परत न्या. उशिरा परत दिलं म्हणून ओरडू नका कोणाला."

३० नोव्हेंबर

सकाळी एक कोरं कार्ड घेतलं आणि स्वतःच्या हाताने भरलं.

छपाई: साधी. दुसरी प्रत कुठे आहे का: भरपूर असतील. मुखपृष्ठ मूळ आहे का: आहे, पुठ्ठ्याच्या आत. बांधणी मूळ आहे का: नाही.

दुर्मिळ का? या रकान्यात लिहिलं: 'या ग्रंथालयाच्या बाइंडरच्या हातची ही एकच बांधणी शिल्लक आहे. बाकीची ग्रंथपालाने लगद्यात दिली किंवा बाइंडरच्याच हातून उसवून घेतली. मुखपृष्ठं काढून टाकण्याचा हुकूम सदतीस वर्षं ग्रंथपालाचा होता. बाइंडरने एकही टाकलं नाही. चिठ्ठ्यांची फाईल सोबत जोडली आहे.' खाली सही केली, सुरुवातीच्या दिवसांसारखी, पूर्ण.

कार्यवाहांनी वाचलं आणि म्हणाले, "अहो, हे असं कार्डावर कायमचं राहील."

"राहू दे."

भिंगबाईंनी उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. पुस्तक हातात घेतलं, तिरक्या शिवणीवर भिंग धरलं. मग म्हणाल्या, "मुखपृष्ठ आत आहे, हे तपासावं लागेल. पुठ्ठा उघडायचा?"

"नाही," मी म्हणालो. "ते उघडायचं नाही."

"मग आत आहे कशावरून?"

"दादाने बांधलंय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कार्यवाह घड्याळाकडे. मग बाईंनी पेन काढलं आणि कार्डाच्या कोपऱ्यात शंभर हा आकडा घातला.

११ डिसेंबर

आज दादाची नोंद करायला रांगेत उभा राहिलो. रांग आमच्याच वाचनालयात होती, मासिकांचं टेबल असायचं तिथे. खिडकीतल्या मुलीने विचारलं, मृताचा व्यवसाय? सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

मग वर आलो. जाळीचं दार लावून घेतलं. शंभर पुस्तकं आहेत. दहा दिवसांत बघायला कोणी आलेलं नाही. नव्याण्णव खोक्यांत आहेत, सुटी मुखपृष्ठं पाकिटांत. कोंबड्यांचं तेवढं उभं आहे. एकदा हातात घेतलं, पुठ्ठ्यावर अंगठा दाबून पाहिला. जाड लागतो. पातळ सुरी माझ्या टेबलाच्या खणातच आहे, दादाची.

खण उघडला नाही. पुस्तक जागेवर ठेवलं. हात मागे बांधून बसलो.